कोंबडी ओळखावी कशी?

कोंबडी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. मोहल्ल्यात, वाडीत, शेतावरच्या झोपडीजवळ, एवढेच काय, शहरातल्या चाळीमागच्या बोळातही ती दिसते. ती इतकी ओळखीची असते, की तिच्याकडे नीट पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. 'घर की मुर्गी दाल बराबर' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. पण कोंबड्या विकत घेण्याची वेळ आली, म्हणजे नीट न पाहिल्याचा भुर्दंड पडतो. अनेक घरांत आई किंवा आजी साठवलेल्या पैशांतून पाच-सहा कोंबड्या घेते. त्या चांगल्या निघाल्या, तर मुलांना अंडी मिळतात आणि वरखर्चाला चार पैसेही मिळतात. वाईट निघाल्या, तर पैसे जातात आणि पंधरा दिवसांत खुराडेही रिकामे होते. म्हणून कोंबडी ओळखता आली पाहिजे.

प्रथम काही शब्द पाहू. उर्दूत आपण मुर्गा आणि मुर्गी म्हणतो, मराठीत कोंबडा आणि कोंबडी. अंडी घालण्याच्या वयाला येऊ लागलेल्या मादीला खेड्यात 'तलंग' म्हणतात. अंड्यांवर बसून उबवू पाहणारी कोंबडी 'खुडूक' झाली असे म्हणतात. उर्दूतला 'कुडक' हा शब्द तुम्हांला येथे आठवेल. कोंबड्या रात्री जेथे कोंडतात, ते खुराडे. बांबूच्या कामट्यांचे जे झाकण त्यांच्यावर पालथे घालतात, ते डालगे. मराठीत कोंबडी अंडे 'घालते'. उर्दूप्रमाणे ती अंडे 'देते' असेही ऐकू येते.

सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. भारताच्या उत्तर व पूर्व भागांतील जंगलांत आणि आग्नेय आशियात तो आजही आढळतो. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो त्याचा भाऊबंद, करडा रानकोंबडा. याचाही पाळीव कोंबडीशी थोडा संबंध आहे. कित्येक कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हा पिवळा रंग लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

कोंबडीची जात ओळखताना लोक सर्वांत आधी पिसांचा रंग पाहतात. खरे तर रंगच सर्वांत जास्त फसवतो. त्याआधी डोक्यावरचा तुरा पाहावा, मग कानाची पाळी, मग पाय आणि शेवटी पिसे. तुरा करवतीसारखा एकेरी असतो किंवा आखूड व दाणेदार असतो. कानाची पाळी म्हणजे कानाच्या छिद्राखालचा छोटा मऊ भाग. ती पांढरी असेल, तर अंडे बहुधा पांढरे असते. ती लाल असेल, तर अंडे बहुधा तपकिरी असते. या नियमाला अपवाद आहेत. पण बाजारातल्या नेहमीच्या सुधारित जातींना तो चांगला लागू पडतो.

उदाहरणार्थ, व्हाइट लेगहॉर्न. इटली देशातील लिव्होर्नो बंदरावरून तिला हे नाव पडले. ती पांढरीशुभ्र, अंगाने हलकी आणि पायांनी पिवळी असते. तिचा तुरा एवढा मोठा असतो, की तो एका बाजूला कलतो. तिच्या कानाची पाळी पांढरी आणि अंडेही पांढरे. चांगल्या व्यवस्थेत ती वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी घालते; मात्र ती क्वचितच खुडूक होते. म्हणजे तिच्याकडून अंडी मिळतील, पण पिल्ले उबवून मिळण्याची आशा धरू नये. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड गडद तांबड्या रंगाची असते. तिच्या शेपटीत काळी पिसे असतात, कानाची पाळी लाल असते आणि अंडे तपकिरी. ऑस्ट्रेलियातून आलेली ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प काळी असते. तिच्या पिसांवर उन्हात हिरवट चमक दिसते, पण तुरा मात्र लालभडक असतो.

आपल्या देशातील दोन जाती तर ओळखायलाच हव्यात. पहिली असील. हा शब्द तुम्हांला शिकवावा लागणार नाही. अरबीतील 'असील' म्हणजे शुद्ध कुळाचा. 'असल', 'अस्ली' आणि मराठीतील 'अस्सल' हे सारे त्याच घराण्यातले शब्द. आंध्र प्रदेश आणि छत्तीसगड हा या जातीचा मुख्य प्रदेश आहे. असीलची मान लांब, पाय भक्कम आणि चाल ताठ असते. तुरा लहान, वाटाण्याचे दाणे ओळीने चिकटवावेत तसा. ही कोंबडी अंडी कमी घालते, पण ती उबवते मात्र फार निष्ठेने आणि पिल्लांसाठी घारीवरही धावून जाते. असील कोंबडे झुंजीसाठी प्रसिद्ध आहेत. ही प्रसिद्धी काही भूषणावह नाही. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

दुसरी जात कडकनाथ. मध्य प्रदेशातील झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांनी ती सांभाळली. तेथे तिला 'काली मासी', म्हणजे काळ्या मांसाची, असे म्हणतात. तिची कातडी, मांस, एवढेच नव्हे तर हाडांवरचा पडदाही काळा असतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून तिचे नाव सर्वत्र झाले, भाव वाढला आणि भावाबरोबर फसवणूकही वाढली. कोणतीही काळी कोंबडी कडकनाथ म्हणून पुढे केली जाते.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या नानींना मी एकदा आठवडी बाजारात पाहिले. विकणारा म्हणत होता, "घ्या चाची, अस्सल कडकनाथ आहे. अंडेसुद्धा काळे घालते!" त्याने भाव दुप्पट सांगितला होता. नानींनी कोंबडी हातात घेतली, तिचा तुरा पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा हिची चोच उघडा बघू." आत जीभ गुलाबी होती. "कडकनाथची जीभ अशी असते होय? आणि काळे अंडे तर मी उभ्या जन्मात पाहिले नाही." नानींचे बरोबर होते. कडकनाथची जीभ काळपट असते, तुरा जांभळट काळा असतो आणि अंडे असते फिकट तपकिरी. उलट कडकनाथमध्ये पांढऱ्या व सोनेरी रेषांची पिसे असलेले प्रकारही असतात. म्हणजे काळी पिसे असली म्हणून ती कडकनाथ ठरत नाही आणि नसली म्हणून ती कडकनाथ नाही असेही नाही. नानींनी ती कोंबडी घेतली. पण गावरान कोंबडीच्या भावाने.

गावरान ही एक जात नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या गावात आपोआप मिसळत गेलेल्या कोंबड्यांना आपण गावरान म्हणतो. कोणी तांबडी, कोणी ठिपक्यांची, कोणाची पिसे उलटी वळलेली, तर कोणाची मान उघडी. उघड्या मानेची कोंबडी पाहून मुले हसतात; पण अंगावर पिसे कमी असल्यामुळे तिला उन्हाळा इतरांपेक्षा चांगला सोसतो. गावरान कोंबडी अंडी कमी घालते, पण ती स्वतःचे खाणे स्वतः शोधते, उबवते आणि पिल्ले वाढवते. गिरिराज आणि वनराज या मात्र अंगणात पाळण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या सुधारित कोंबड्या आहेत. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची. त्या अंगाने मोठ्या आणि रंगीबेरंगी असतात. संकरातून तयार झाल्यामुळे त्यांच्या पिल्लांत आईबापांचे सर्व गुण उतरत नाहीत. म्हणून त्यांची पिल्ले दर वेळी केंद्रातूनच घ्यावी लागतात. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याने चार-पाच गावरान किंवा सुधारित कोंबड्या घ्याव्यात, दुर्मीळ जातीच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

जात ओळखली तरी अर्धेच काम झाले. ही कोंबडी तरुण आहे का, निरोगी आहे का आणि अंडी घालते का, हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचता आले पाहिजे. तरुण कोंबडीच्या पायांवरचे खवले गुळगुळीत असतात. म्हातारीचे खरखरीत आणि उचललेले दिसतात. छातीच्या मधले हाड चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे लागले, तर कोंबडी उपाशी किंवा आजारी आहे. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, श्वासाची घरघर, शेपटीखाली चिकटलेली घाण यांपैकी काहीही दिसले, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये. पंख उचलून उवा आहेत का, हेही पाहावे.

अंडी घालणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला आणि ऊबदार असतो. शेपटीखाली, अंडे बाहेर येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, दोन बारीक हाडांची टोके हाताला लागतात. अंडी चालू असतील, तर त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावतात. बंद असतील, तर जेमतेम एक बोट मावते.

आता त्या पिवळ्या रंगाकडे येऊ. दोन पिवळ्या पायांच्या कोंबड्या शेजारी ठेवल्या, एकीचे पाय हळदीसारखे पिवळेधमक आणि दुसरीचे फिके, तर गिऱ्हाईक बहुधा पहिली उचलते. पिवळी दिसायला छान दिसते ना! पण हा पिवळा रंग कोंबडीला मका आणि हिरव्या पाल्यातून मिळतो. अंडी सुरू झाली, की तो अंड्यातल्या पिवळ्या बलकात जाऊ लागतो आणि अंगावरचा रंग उतरतो. आधी शेपटीखालचा भाग फिका होतो, मग डोळ्यांभोवतीची कड, मग कानाची पाळी, मग चोच आणि सर्वांत शेवटी पाय. पाय फिके व्हायला कित्येक महिने सतत अंडी घालावी लागतात. म्हणजे ती फिक्या पायांची, जराशी मळकी आणि पिसे झिजलेली कोंबडीच बहुधा कष्टाळू असते. हा नियम फक्त पिवळ्या पायांच्या जातींना लागतो, हे विसरू नका. काळ्या पायांच्या कोंबडीत तो शोधू नये. आजारी कोंबडीही फिकी पडते. म्हणून तुरा, डोळे आणि चाल यांकडेही पाहावे.

पहिल्या खेपेस सर्व कोंबड्या एकाच ठिकाणाहून घ्याव्यात. चार ठिकाणच्या चार घेतल्या, तर चार ठिकाणचे रोगही घरी येतात. पाय बांधून, उलट्या लटकवून त्यांना आणू नये. त्यात त्यांचे हाल होतात. हवेशीर टोपलीत, सकाळी किंवा संध्याकाळी आणाव्यात. घरी आल्यावर आधी पाणी द्यावे, मग दाणे. पहिला आठवडाभर त्यांना खुराड्यात किंवा कुंपणातच ठेवावे. हेच आपले घर, हे कळायला त्यांना तेवढा वेळ लागतो. लगेच मोकळे सोडले, तर त्या शेजारच्या झाडावर जाऊन बसतील. जागा बदलल्यामुळे एक-दोन आठवडे अंडी बंद होणे साहजिक आहे. तेवढ्यावरून आपण फसलो, असे समजून कोंबडी कापायला काढू नये. पुढे नवी कोंबडी आणली, तर तिला तीन आठवडे वेगळे ठेवावे. मगच ती जुन्यांत मिसळावी, तीही रात्रीच्या वेळी. तरीसुद्धा टोचाटोची होईलच. कोंबड्यांमध्ये पहिली, दुसरी, तिसरी असा मानाचा क्रम असतो. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या संशोधकाने शंभर वर्षांपूर्वी त्याचे प्रथम वर्णन केले. क्रम ठरला, की भांडण थांबते. रक्त निघाले, तर मात्र जखमी कोंबडीला लगेच बाजूला काढावे, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या तेथेच टोचत राहतात.

सहा कोंबड्यांना चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे रात्रीपुरते पुरते. ते जमिनीपासून थोडे उंच, हवेशीर आणि बळकट जाळीचे असावे. मुंगूस आणि रानमांजर अगदी लहान फटीतून आत शिरतात. आत बसायला आडवी काठी लावावी, कारण कोंबडी मुळात रानातला पक्षी आहे आणि तिला उंचावर झोपायला आवडते. तळाला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि तो कोरडा ठेवावा. कोकणातल्या पावसात हे कठीण जाते. पण ओल्या भुशातून रोग वाढतात, म्हणून तो वरचेवर उलथवून बदलावा. अंगणाच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवली, तर कोंबड्या तीत लोळतात. ही त्यांची आंघोळ. तिच्यामुळे उवा कमी होतात.

मोठ्या कोंबडीला दिवसाला सुमारे शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. अंगणात फिरणारी कोंबडी त्यातले काही किडे व गवत खाऊन स्वतः मिळवते. ज्वारी, बाजरी, मक्याची भरड, तांदळाचा कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड आणि भाजीचा पाला असे मिश्र खाणे चांगले. बुरशी लागलेला मका किंवा पेंड कधीही देऊ नये. बुरशीतले विष कोंबड्यांचे यकृत बिघडवते आणि त्या मरतात. एक अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात आणि त्यांतले वीस तास एकट्या कवचाला लागतात. कवच चुन्याचे असते. तेवढा चुना दाण्यांतून मिळत नाही. मग कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते आणि अशक्त होते. म्हणून शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात नेहमी ठेवावी. जाता जाता एक शंका दूर करू. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत.

पाण्याकडे लोक खाण्याइतके लक्ष देत नाहीत. खरे तर पाणी दिवसभर मिळाले नाही, तर अंडी लगेच कमी होतात. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी कोंबड्या पटकन मरतात. सावली, ओले गोणपाट आणि मातीच्या परळात दोन-तीन वेळा बदललेले थंड पाणी एवढ्यानेही त्यांचा जीव वाचतो.

सर्वांत मोठे भय रोगाचे. राणीखेत हा रोग आपल्याकडे 'मानमोडी' म्हणून ओळखला जातो. उत्तराखंडातील राणीखेत गावावरून त्याला हे नाव मिळाले. कोंबडीला धाप लागते, हिरवट विष्ठा होते, मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत सारा कळप संपतो. या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. कोंबड्या घेतानाच लस टोचली होती का, हे विचारावे आणि नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. येथे एक अडचण येते. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांसाठी असते आणि ती एकदा तयार केली, की काही तासांतच संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून मोहल्ल्यातल्या दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवून सगळ्या कोंबड्या एकत्र आणाव्यात. लस बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि ती निरोगी कोंबड्यांनाच देतात. शेजारच्या कोंबड्यांना लस दिलेली असली, तर आपल्याही जास्त सुरक्षित राहतात.

आजारी कोंबडी मरण्यापूर्वी कापून खाऊन टाकू, असा विचार काही घरांत होतो. तो धोक्याचा आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. भारतात हा रोग आढळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वेळी त्या भागातील लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. हा रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, नाल्यात फेकू नये आणि दवाखान्याला ताबडतोब कळवावे. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय तर रोजचीच असावी.

वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे गाळते. तेव्हा ती अगदी केविलवाणी दिसते आणि अंडीही थांबतात. पुष्कळ लोक तिला आजारी समजून विकून टाकतात. खरे तर दोन-तीन महिन्यांत नवी पिसे येतात. अंडी थांबलेल्या या काळात पिवळ्या पायांच्या कोंबडीचा गेलेला रंगही परत येतो, तोही पूर्वीच्याच क्रमाने: आधी शेपटीखाली, मग डोळ्यांभोवती, आणि पायांवर सर्वांत शेवटी.